शेडमधल्या नदीची ओटी

१

रोज सकाळी नदी मी सुरू करायचो. भिंतीवरचं हिरवं बटण दाबलं की पंप आधी खाकरायचा, मग घशातलं काहीतरी गिळल्यासारखा आवाज करायचा. मग ब्रिस्टलबाहेरच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटवर, टायरांचं गोडाऊन आणि कार्पेटवाला यांच्या मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये, बांगलादेशातली एक नदी वाहायला लागायची.

नदीचं नाव सांगत नाही, करारात तसं कलम होतं. खरी नदी अशी की या काठावरून पलीकडचा काठ दिसत नाही, आणि दर पावसाळ्यात ती कूस बदलते. रस्ता जिथं संपतो तिथं फेरीबोटीचा धक्का बांधावा, तर पुढच्या वर्षी पाणी मैलभर लांब आणि धक्का भाताच्या शेतात. पलीकडे जायला ट्रकच्या रांगा दिवसदिवस उन्हात उभ्या. मासळी सडते, फणस सडतात, आणि अँब्युलन्सही त्याच रांगेत असते. म्हणून तिथं पूल हवा होता. पण असल्या नदीत खांब रोवायचे तर ती त्यांच्या पायाशी किती खोल उकरेल ते आधी कळायला हवं, नाहीतर पूल राहायचा आणि खालची जमीन जायची. ते कळावं म्हणून आमच्या कंपनीनं तिची प्रतिकृती केली होती. काँक्रीटचा लांबलचक हौद, मधे माझ्या गुडघ्याएवढे पुलाचे खांब, आणि खालच्या टोकाला गाळाचा खड्डा. वाहून आलेला गाळ खड्ड्यात पडायचा, पंप तो पाण्यासकट उचलून पुन्हा वरच्या टोकाला सोडायचा. तेच पाणी आणि तोच गाळ गोल गोल फिरत राहायचे.

हा गाळ म्हणजे वाळू नव्हे. एवढ्याशा पाण्याला वाळू हलत नाही, म्हणून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा वापरतात. ज्या शहाण्यानं ही शक्कल काढली, त्याला तो भुगा महिनाभर भिजल्यावर कसा होतो ते बघायला कोणी बोलावलं नसावं. तो फुगतो, बुळबुळीत होतो, आणि कितीही औषध टाकलं तरी त्याला शिळ्या पेजेचा वास सुटतो.

मला किळस फार लवकर येते. लहानपणी पंगतीत शेजारचा माणूस बोटं चाटायला लागला की मी ताटावरून उठायचो, आणि आईचा मार खायचो. असल्या माणसानं पाण्याचा इंजिनियर व्हावं हा दैवाचा विनोद. कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातल्याशिवाय मी हौदाला शिवत नसे. आमचा टेक्निशियन ग्रॅहम मात्र उघड्या हातांनी भुगा सारखा करायचा आणि त्याच हातांनी सँडविच खायचा. तो जेवायला बसला की मी बाहेर जाऊन पावसात उभा राहायचो.

२

माझी बायको मंजिरी वेम्बलीत जन्मलेली, वेम्बलीत वाढलेली. मराठी घरात बोलायची, पण आमच्या भाषेतलं स्त्रीलिंग-पुल्लिंग तिनं कधी मनावर घेतलं नाही. तिला दोनदा दिवस गेले आणि दोनदा राहिले नाहीत. दुसऱ्या वेळेनंतर तिनं तो विषय बंद केला. मीही केला. आईनं मात्र केला नाही. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडेच राहत होती, आणि मूल हा विषय तिच्या दृष्टीनं वरणभातासारखा होता, रोजचा.

२००६ च्या सप्टेंबरात कंपनीनं फॅमिली डे ठेवला. साहेबलोकांची मुलं हौदात कागदी होड्या सोडत होती. आई साडीवर कार्डिगन आणि पायात ट्रेनर्स अशा वेषात, मंजिरीचा हात धरून आली. हौदाच्या काठाशी थांबली आणि बराच वेळ बघत राहिली.

"कुठली नदी म्हणालास?"

"बांगलादेशची. पण ही नदी नाही, आई. मॉडेल आहे."

"देवळातली मूर्ती काय खरी देवी असते?" असं म्हणून तिनं पर्स उघडली.

आई वाईची. नदीच्या काठानं गेलं आणि ओटी भरली नाही असं तिच्या आयुष्यात झालेलं नाही. तिची पूर्ण तयारी होती: वाईहून आणलेला हिरवा खण, वाटीभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि स्टेपलटन रोडवरच्या दुकानातून घेतलेला नारळ. मी "आई, नको, इथं लोक आहेत" असं म्हणेपर्यंत तिनं काठाला हळदकुंकू लावलंसुद्धा. शरमेनं माझे कान तापले. ग्रॅहम मात्र टोपी काढून, चर्चमध्ये उभं राहावं तसा उभा.

खण पाण्यावर पसरला आणि बुडाला. तांदूळ बुडाले. नारळ डुलत डुलत वाहत पुढे गेला आणि मधल्या दोन खांबांच्या बेचक्यात अडकला.

"माझ्या सुनेची कूस उजव बाई," आई नदीला म्हणाली, अगदी शेजारणीला सांगावं तसं.

मग ती वाकली, नारळाजवळ मनगटापर्यंत हात घातला आणि मूठ भरून वर काढली. मुठीत तांदूळ होते आणि त्यांच्याबरोबर तो तपकिरी बुळबुळीत भुगा. ती मूठ तिनं मंजिरीच्या गळ्यातल्या स्कार्फमध्ये सोडली.

"जिची ओटी भरली तिनं चार दाणे परत द्यायचे असतात," आई मला म्हणाली. "दिले बघ."

मंजिरीनं स्कार्फ ओंजळीसारखा धरला होता. पाणी गळून तिच्या बुटांवर पडत होतं, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

३

त्या तांदळाची आईनं दुसऱ्या दिवशी खीर केली.

मला माहीत असतं तर मी पातेलं सिंकमध्ये उपडं केलं असतं. पहिला चमचा तोंडात गेला आणि दाढेखाली कचकन काहीतरी फुटलं. वेलची होती, केशर होतं, आणि त्यांच्या मागे तो वास होता. ग्रॅहमचे हात, होड्या सोडणाऱ्या पोरांचे हात, मेलेले किडे, जंतुनाशक, सगळं ज्यात धुतलं गेलं ते पाणी माझ्या जिभेवर होतं. मी धावत जाऊन सिंकमध्ये थुंकलो आणि साबणानं जीभ घासली.

"चार वेळा धुतलेत तांदूळ," आई म्हणाली. "प्रसाद थुंकतोस?"

"आई, ते प्यायचं पाणी नाही. त्यात विष असतं."

"मला आवडला," मंजिरी म्हणाली. तिची वाटी रिकामी होती. तिनं माझी वाटी पुढे ओढली, तीही संपवली, आणि तळाला राहिलेला गाळ बोटानं पुसून चाटला. मी मान वळवली. बायको आहे, प्रेमाची आहे, पण ते बोट मला बघवेना.

४

नाताळच्या सुमाराला तिला दिवस गेल्याचं कळलं. मी बाथरूमच्या फरशीवर बसून रडलो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. आईनं देवापुढे साखर ठेवली. एवढं समाधानी गप्प बसलेलं तिला मी कधी बघितलं नव्हतं.

शेडमध्ये मात्र एक गोष्ट चुकायला लागली होती.

जिथं नारळ अडकला होता, त्या दोन खांबांच्या मधे एक बेट वर येत होतं. नदीत बेटं येतात, त्या नदीत तर ढिगानं येतात. पण दोन खांबांच्या मधे पाणी आवळलं जातं आणि जोरात पळतं. तिथं खड्डा पडायला हवा. जगातल्या कुठल्याही नदीत तिथं खड्डाच पडतो. आमच्या नदीत तिथं तळ फुगत होता. आम्ही पाणी वाढवलं, कमी केलं, वरून येणारी धार वळवून बघितली. बेट तिथंच होतं, दर आठवड्याला थोडं मोठं.

मी कारणं शोधली, कारण माझं पोट त्यावरच चालतं. खणाचा रंग विरघळून भुगा चिकट झाला असेल. हौदाचा तळ तिथं वर आला असेल. तळ आम्ही मोजला, तो ठीक होता. शिवाय बेट वाढत असताना हौदातला गाळ कमी होत होता. बाहेर जायला वाट नाही, तरी खड्ड्यात कमी भुगा पडायचा आणि ग्रॅहम नवीन पोती ओतत राहायचा.

"बायोफिल्म आहे, मेट," ग्रॅहम म्हणाला. म्हणजे जंतूंचा थर. "हात लावून बघ. कोमट लागतं."

पाणी थंडगार होतं. मी हातमोजा काढला, का काढला ते विचारू नका, आणि एक बोट बेटावर टेकवलं. वर साय धरल्यासारखं पातळ काहीतरी होतं. खाली मऊ, भरीव आणि खरंच कोमट. मी बोट दाबलं. मग माझं बोट खालून परत ढकललं गेलं.

त्या दिवशी मी टॉयलेटमध्ये गरम पाण्याखाली हात लाल होईपर्यंत धुतला. वास गेला नाही. तो आता पेजेचा राहिला नव्हता. नासलेल्या दुधाचा वास होता.

५

मंजिरीला मातीचे डोहाळे लागले. आईला यात काहीच नवल वाटलं नाही. पोटुशा बायका माती खातात, भिंतीचे पोपडे खातात, खापरं चघळतात. आमच्या जीपीनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनं, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

एका शनिवारी दुपारी मी डुलकी काढून खाली आलो, तर मंजिरी युटिलिटी रूममध्ये धुण्याच्या ढिगाशेजारी बसलेली. माझी कामावरची पँट तिच्या मांडीवर होती. पायाची शिवण तिनं तोंडात धरली होती आणि डोळे मिटून ती चोखत होती. शिवणीतून तपकिरी पाणी सुटून तिच्या हनुवटीवरून गळत होतं.

"मंजू!"

तिनं डोळे उघडले. "आय नो," ती म्हणाली. "आय नो, इट्स ग्रोस. पण मला थांबता येत नाही."

मला तिला जवळ घ्यायचं होतं. मी जवळ घेतलंही, पण श्वास रोखून. तिच्या केसांना शेडचा वास येत होता.

त्यानंतर मी शेडवरच आंघोळ करायला लागलो. कामाचे कपडे तिथंच, बूट तिथंच, नखं रोज कापायची. घरी येताना माझ्या अंगावर त्या भुग्याचा कणही नसायचा. पंधरवड्यानं आमच्या बाथरूमचं बेसिन तुंबलं.

मी खालचा वाकडा पाइप सोडवला. आधी काहीच आलं नाही. मग एक लांब, गुळगुळीत लगदा सरकत बाहेर आला आणि बादलीत पडला. अक्रोडाचा भुगा होता. कुजलेला, घट्ट बसलेला, मधे मधे फुगलेले तांदळाचे दाणे. मी उंबऱ्यापर्यंतही पोचलो नाही, तिथंच ओकलो.

मंजिरी दारात उभी होती, एक हात पोटावर.

"कुठून आणतेस हे?" मी ओरडलो. "कुठून आणून खातेस?"

"मी खात नाही, अंबरीश," ती हळू आवाजात म्हणाली. "आता नाही खात. ब्रश करताना ते येतो. आतून येतो."

६

मार्चमध्ये ढाक्याहून विचारणा झाली की मधल्या खांबांचे आकडे कधी मिळणार. बेट असेपर्यंत ते मिळणार नव्हते. ग्रॅहम म्हणाला, तासून काढतो, नव्यानं तळ घालू, कितीदा घातलाय. मी हो म्हणालो. साधी गोष्ट होती ती.

तो थापी घेऊन हौदात उतरला आणि मी ऑफिसच्या खोलीत आलो. तेवढ्यात आईचा फोन.

"अंबू, लवकर ये. मंजूला रक्त जातंय."

काचेतून मला ग्रॅहमची पाठ दिसत होती आणि वरखाली होणारी थापी. मी फोन हातात घेऊन नुसता बघत उभा राहिलो. माझ्या बुद्धीनं मला सांगितलं की या दोन गोष्टींचा संबंध नाही. माझे पाय ऐकत नव्हते. मी दार उघडून किंचाळलो, "थांब!"

ग्रॅहम थांबलेलाच होता. त्यानं थापी पाण्यात टाकून दिली होती आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते. मी त्याला असं करताना कधी बघितलं नव्हतं.

"बरं वाटत नाही रे हे," तो म्हणाला. "कापताना... मटणासारखं लागतंय."

हॉस्पिटलात पोचेपर्यंत रक्त थांबलं होतं. बाळ ठीक होतं. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं कधी कधी, विश्रांती घ्या. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो तर बेट भरून आलं होतं, आणि थापीचे वार होते तिथं फिकट रेघा उमटल्या होत्या.

मी मूर्ख नाही. एकदा घडलेल्या गोष्टीवरून मी सिद्धांत मांडत नाही. खात्री करायला दुसऱ्यांदा करून बघावं लागतं, आणि ते करायची माझी छाती झाली नाही. दोनदा गेलेलं मूल तिसऱ्यांदा जाऊ द्यायचं नव्हतं, बस. मी ढाक्याला कळवलं की बेट नैसर्गिक आहे, निरीक्षण चालू ठेवावं लागेल. ग्रॅहमला सांगितलं की बेटाला हात लावायचा नाही. सँडविच तो आता गाडीत बसून खायला लागला होता.

तेव्हापासून पंप मी चोवीस तास चालू ठेवला. सकाळी आलो की आधी बेट बघायचो. ते जागेवर आहे म्हणून रोज जीव भांड्यात पडायचा. जिच्या नुसत्या वासानं माझं जेवण जायचं, त्या घाणीची मी दाईसारखी काळजी घेत होतो, आणि त्याबद्दल मला स्वतःचीच शिसारी यायची.

७

जुलैत वरून हुकूम आला. कामाची मुदत संपली, मॉडेल काढा, शेडमध्ये आता कुठल्या तरी बंदराची प्रतिकृती बसवायची आहे. मंजिरीला नववा लागला होता. मी अजून एक टेस्ट, अजून एक टेस्ट म्हणून थोडे दिवस काढले. मग साहेबानं मला बोलावून, तू थकलास, सुट्टी घे, असं गोड शब्दांत सांगितलं.

सुट्टी न घेता सोमवारी निघालो, तर पावसामुळे मोटरवेवर गाड्या तुंबल्या आणि मला उशीर झाला. शेडचं दार उघडलं तेव्हाच कळलं. पंपाचा आवाज नव्हता.

ग्रॅहम खालच्या टोकाला निचऱ्याच्या झडपेपाशी उभा होता. "साहेबाचा फोन आला सकाळी," तो म्हणाला. "सॉरी, मेट. आज रिकामं कर म्हणाला."

पाणी जवळजवळ गेलं होतं. हौदाचा तळ उघडा पडला होता, तपकिरी, चकचकीत, ओहोळांनी चिरलेला. आणि खांबांच्या मधे ते होतं. पाण्याखाली असताना कळलं नव्हतं एवढं मोठं, गोल, वर ताणलेलं. त्यावरची साय सुकत चालली होती, आणि खालून काहीतरी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकत गेलं, सावकाश, कूस बदलल्यासारखं.

फोन वाजला.

"अंबू," आईचा आवाज कापत होता. "बाळ सकाळपासून हललं नाही. आम्ही टॅक्सीनं हॉस्पिटलला निघालोय. ती बोलत नाही रे."

मी ग्रॅहमला म्हणालो, झडप बंद कर, पंप लाव. तो म्हणाला, खड्डा कोरडा आहे, पंप ओढणार नाही. मी बुटांसकट हौदात उतरलो. पाय पोटऱ्यांपर्यंत रुतले. मी बेटाशी गुडघे टेकले, हातमोज्यांची आठवणही झाली नाही, आणि तळवा त्यावर ठेवला. खालून लाथ बसली. रविवारी संध्याकाळी मंजिरीनं माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला होता, तेव्हा बसली होती तशीच, तेवढ्याच जोराची. माझं मूल इथं होतं.

वर साय तडकायला लागली होती.

मी काय करतोय याचा मी विचार केला नाही. केला असता तर केलंच नसतं. खांद्यावरच्या पिशवीतून माझा जेवणाचा डबा काढला, पोळीभाजी हौदात उपडी केली, आणि दोन्ही हात त्या बेटात घातले. आत ऊबदार होतं. चिकट, नासक्या दुधाच्या वासाचं काहीतरी मनगटांवरून ओघळलं. घशाशी आलेलं मी गिळलं आणि आणखी खोल गेलो. तिथं, अगदी तळाशी, एवढंसं काहीतरी माझ्या बोटाला लागलं. त्यानं माझं बोट धरलं.

मी खाली बघितलं नाही. वर पत्र्याकडे बघत मी हात बाहेर काढले, जे होतं ते डब्यात सोडलं, आणि चाचपडत झाकण लावलं. ग्रॅहम दाराबाहेर जाऊन पावसात उभा होता. मी जवळून गेलो तरी तो वळला नाही.

८

वॉर्डमध्ये मिडवाइफ मंजिरीच्या पोटावर ठोके ऐकायचं यंत्र फिरवत होती. डाव्या बाजूला, उजव्या बाजूला, खाली. यंत्रातून नुसती घरघर येत होती. मिडवाइफ हसत होती आणि तिच्या कपाळावर घाम होता. "मी डॉक्टरांना घेऊन येते हं," ती म्हणाली आणि जवळजवळ पळतच गेली.

मंजिरी छताकडे बघत पडली होती. ओठ पांढरे, डोळे कोरडे. मी डबा वर धरला तसं तिनं मान वळवली. नाकपुड्या हलल्या.

आईनं माझ्या चिखलानं माखलेल्या शर्टाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. तिनं पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

मी झाकण काढलं. त्या दिवशी युटिलिटी रूममध्ये मी जिला श्वास रोखून जवळ घेतलं होतं, तिच्या तोंडात मी स्वतःच्या बोटांनी तो लगदा घातला. ती चावत नव्हती. नुसती गिळत होती, घास घशाखाली उतरला की तोंड पुन्हा उघडत होती, पिल्लू उघडतं तसं. मधे एकदा तिचा गळा फुगला, काहीतरी मोठं सावकाश खाली गेलं. मी तोंड वळवणार होतो. नाही वळवलं. म्हटलं, निदान एवढं तरी बघ, बाप आहेस. शेवटी तिनं डबा माझ्या हातातून घेतला आणि जिभेनं पुसून काढला.

"मंजू," मी म्हणालो. "मंजू, ठीक आहेस ना?"

तिच्या गालांवर रंग आला होता. तेवढ्यात डॉक्टर आल्या. मी ओल्या टिश्यूनं तिची हनुवटी कशीबशी पुसली. यंत्र पोटावर टेकलं आणि टेकताक्षणी ठोके ऐकू आले, भराभर, स्वच्छ, खोलीभर. मिडवाइफनं मोठा श्वास सोडला. "देअर शी इज," ती म्हणाली. "लपून बसली होती." बाहेर आई हुंदके देऊन रडायला लागली. डॉक्टर हसल्या, माझ्या कपड्यांबद्दल काहीतरी गमतीचं बोलल्या, आणि थोड्या वेळानं पुन्हा येते म्हणून गेल्या. मिडवाइफ चार्ट आणायला गेली.

मुलगी होती. जिवंत होती. मला एवढा आनंद झाला होता की मी पलंगाची कड धरून उभा होतो.

मंजिरीनं माझा हात ओढून घेतला आणि गाऊन बाजूला सारून पोटावर ठेवला. कातडी थंड होती. आतून लाथ बसली, तशी मी हसून बोटानं तिथं हलकेच दाबलं, लेकीला उत्तर दिल्यासारखं, आणि बोट उचललं.

बोटाचा खळगा तसाच राहिला. ओल्या रेतीत पडतो तसा, कडा थोड्या ढासळलेल्या. मी बघत होतो तोवर त्याच्या तळाशी हळूहळू पाणी भरायला लागलं.

"हलते ना बाळ?" मंजिरीनं डोळे मिटून विचारलं.

बाहेर मिडवाइफची पावलं वाजत होती. मी "हो" म्हणालो आणि चादर वर ओढली.